शेजारची सीट

सिग्नल सुटला, त्याने क्लच सोडला, मागचा लांबलचक ट्रेलर आळस दिल्यासारखा हलला आणि पायाखाली कुठेतरी ठक असा आवाज झाला. मोठा नव्हता. बंद दारावर कुणी एकाच बोटाचं पेर आपटावं आणि आत कोणी झोपलं असेल म्हणून पुन्हा आपटू नये, तसा. त्याने रेडिओ बंद केला, खिडकीची काच वर केली. दुपारची वेळ होती. रिंग रोडवर गाड्या वाहत होत्या, उड्डाणपुलाच्या सावलीत एक माणूस जुन्या टायरवर बसून डबा खात होता आणि इंजिन नेहमीच्या जाड्याभरड्या आवाजात घुमत होतं. पुलाचा चढ लागला तसं पुन्हा ठक. मग पुलाच्या सांध्यांवर लागोपाठ दोनदा. चढ संपला आणि आवाजही संपला. त्याच्या मनात पाल चुकचुकली. ट्रक घेऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे ट्रक चालवले होते. कचेरीत बसून उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब बदलत गेले, ट्रक नवे येत गेले, आणि तो दर वेळी दुसऱ्याच्या किल्लीने दुसऱ्याचं दार उघडत राहिला. त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. पण शेवटच्या वर्षी कंपनीने केबिनमध्ये समोरच्या काचेवर एक कॅमेरा बसवला. तो रस्त्याकडे बघत नव्हता, ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघत होता. जांभई दिली की तो पिपाणीसारखा वाजायचा. बाजूला शेत बघितलं की वाजायचा. एकदा गाणं गुणगुणताना तोंड हललं म्हणून वाजला. त्या दिवशी तो घरी आला आणि बूट न काढताच बायकोला म्हणाला की आता पुरे झालं. ती इस्पितळात म्हाताऱ्यांच्या वॉर्डात नर्स होती, नुकतीच ड्यूटीवरून आली होती. तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "मग स्वतःचा घ्या."

इतकं सोपं करून टाकलं होतं तिने. नव्या ट्रकची ऐपत नव्हती, आणि कर्जाच्या वाटेला जायचं नाही हे तर दोघांचं आधीपासून ठरलेलंच. म्हणजे जुना. चांगलाच जुना. मग सुट्टीच्या दिवशी तो जुने ट्रक बघत हिंडू लागला. एकावर नवाकोरा निळा रंग होता, नखाने जरा खरवडलं तर रंगाच्या पापुद्र्याबरोबर गंजलं लोखंडच हातात आलं. दुसऱ्या ठिकाणी नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच त्याने इंजिनवर तळहात ठेवला, तर ते ऊबदार लागलं. मालक म्हणाला, आत्ताच डिझेल भरून आणलं. गार असताना जे इंजिन सुरू व्हायला खळखळ करतं, ते पाहुणे यायच्या आधी तापवून ठेवतात, हे त्याला ठाऊक होतं. तो चहा पिऊन परत आला. तिसरा ट्रक एका निवृत्त होऊ घातलेल्या ड्रायव्हरचा होता. गुडघे गेले होते त्याचे, पायरी चढताना हाताने मांडी उचलायचा. फोनवर तो म्हणाला होता की सकाळी या, मी किल्लीला हात लावणार नाही, तुमच्या हातानेच गाडीला जागं करा. त्या सकाळी इंजिन खोकलं, पांढऱ्या धुराची एक गुळणी टाकली आणि मग असं काही लयीत चालू लागलं की दोघंही नुसते ऐकत उभे राहिले. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या भागाला या धंद्यात घोडा म्हणतात. म्हातारा म्हणाला, "घोडा-मैदान जवळच आहे, चालवून बघा." आणि स्वतः शेजारच्या सीटवर मोठ्या कष्टाने चढून बसला.

ओळखीच्या गॅरेजवाल्याने ट्रकखाली तासभर पडून काढला. हा गॅरेजवाला अंगाने आडवातिडवा होता, त्याचे फक्त बूट बाहेर दिसत होते आणि ट्रकखालून त्याचा आवाज येत होता. चासी सरळ आहे, कुठे जोड दिलेला नाही. इंजिन म्हातारं आहे पण ऑइल पीत नाही. क्लच वर्षभरात मागेल, तो द्यावा लागेल. बाहेर येऊन त्याने हात पुसले आणि सांगितलं, "जुना ट्रक घ्यायला पैसे लागत नाहीत भाऊ, तो पाळायला लागतात. जेवढ्याला घ्याल त्याच्या निम्मे बाजूला ठेवा आणि विसरून जा." तसे ते ठेवले. बायकोने स्वतःच्या नावावर ठेवले, म्हणजे त्याला विसरणं सोपं गेलं.

आणि ते दिवस चांगले गेले. त्याला सकाळी घराबाहेर पडताना लहान मुलासारखी घाई व्हायची. इंजिन गार असताना ऑइलची कांडी काढून बघायची, हवेच्या टाक्यांतलं साठलेलं पाणी सोडून द्यायचं, ग्रीसची पिचकारी घेऊन आपणच खाली सरपटायचं. पुढचे टायर नवे घेतले होते, मागे वरचा थर चढवलेले जुने. चढावर तो ट्रकला घाई करत नसे, उतारावर मोकाट सोडत नसे, आणि असं चालवलं की डिझेलही म्हाताऱ्या माणसाच्या जेवणाइतकंच लागतं हे त्याच्या लक्षात आलं होतं. एका कागदाच्या गिरणीचा माल मिळाला होता. कागदाची मोठमोठी रिळं दुसऱ्या शहरातल्या छापखान्याच्या गोदामात न्यायची, रिकामं परत यायचं. दर फारसा नव्हता, पण काम नेमाचं होतं. केबिनमध्ये तोंडाकडे बघणारं कोणी नव्हतं. तो हवं तेव्हा गायचा, आणि फार वाईट गायचा.

मग तो ठक.

पहिल्यांदा त्याने गॅरेजवाल्याला बोलावलं तेव्हा माल भरलेला होता. गॅरेजवाला शेजारी बसला, त्याने रिंग रोडच्या पुलावर ट्रक चढवला, उतरवला, वळवून पुन्हा चढवला. काहीच नाही. ट्रक एखाद्या शहाण्या मुलासारखा गप्प. मग गॅरेजवाल्याने स्वतः चालवून पाहिला आणि तो शेजारी बसला, कान लावून, श्वास धरून. काही नाही. गॅरेजवाला उतरून गेला, आणि पुढच्याच चढावर ठक. दुसऱ्या खेपेला मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे सांधे बदलले, केबिनखालची रबरं आवळली, घोडा आणि ट्रेलर जिथे जुळतात ती मोठी तबकडी साफ करून ग्रीस भरलं. बाजूला ठेवलेल्या पैशातून बायकोने पैसे काढून दिले. पुन्हा दोघं मिळून पुलावर गेले. शांत. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने गॅरेजवाल्याला जेवायला घातलं. आणि तिथून एकटा निघाला तो वेशीबाहेरच्या चढावर पायाखाली पुन्हा तेच, तितकंच हळू, तितकंच सभ्य. तिसऱ्यांदा गॅरेजवाला हसला. "घोडं नेमकं कुठे पेंड खातंय तेच कळत नाही," असं म्हणून स्वतःच्याच विनोदावर थोडा खूश झाला. मग हसू ओसरलं, आणि हातातलं फडकं उगाच घडी करत त्याने विचारलं, "भाऊ, झोप होते ना नीट?"

त्या प्रश्नात वावगं काही नव्हतं. पण परत जाताना त्याने सगळं पुन्हा जुळवून पाहिलं. आपण एकटे असलो की येतो. दुसरं माणूस आलं की जातो. असा आवाज कुठल्या लोखंडात असतो? लोखंडाला माणसं ओळखता येत नाहीत. ट्रकमध्ये कोण बसलंय हे त्याला काय कळणार? कळतं ते ऐकणाऱ्याला. हे इतकं सरळ होतं की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचंच त्याला नवल वाटलं, आणि मग लक्षात आलं की सुचलं होतं, पहिल्याच दिवशी, पुलाखाली, रेडिओ बंद केला तेव्हाच.

कारण वडिलांचं असंच सुरू झालं होतं. वडील एका मोठ्या धुलाईघरात बॉयलरवर होते. वाफेच्या आवाजात उभं आयुष्य काढलेला माणूस, घरी मोठ्याने बोलायचा आणि कोणी हळू बोललं तर त्याला राग यायचा. निवृत्त झाल्यावर दोन-तीन वर्षांनी एकदा जेवताना ते म्हणाले, दार वाजतंय. तोच उठून बघून आला. कोणी नव्हतं. मग रोज वाजू लागलं. वडील स्वतः उठायचे, दार उघडायचे आणि रिकाम्या जिन्याला म्हणायचे, "माफ करा हं, लवकर ऐकू आलं नाही." ती माफी त्याच्या मनातून कधी गेली नव्हती. वडिलांनी कोणाची माफी मागितलेली त्याने त्याआधी ऐकली नव्हती. आईने एक युक्ती केली. ती दार दिवसभर सताड उघडंच ठेवू लागली. उघड्या दारावर कोण कशाला टकटक करील? वडील बरेच दिवस त्या उघड्या दाराकडे बघत खुर्चीवर बसले, गोंधळलेले, जरा हिरमुसलेले. मग एका संध्याकाळी त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "आता खिडकीवर वाजवतोय बघ. हुशार आहे." त्याचं लग्न तेव्हा नुकतंच झालं होतं. बायको नवी सून म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पोळपाट तसाच. तिने पुढे होऊन खिडकी उघडली, बाहेर वाकून बघितलं आणि म्हणाली, "गेले वाटतं ते, बाबा. उद्या येतील." वडील समाधानाने मान हलवत बसले. पुढची सहा-सात वर्षं तिनेच त्यांचं सगळं केलं. म्हाताऱ्यांच्या वॉर्डातलं काम तिने नंतर मागून घेतलं, तेव्हा लोकांना नवल वाटलं होतं, त्याला नव्हतं वाटलं.

आणि आता तो स्वतः पन्नाशी ओलांडून बसला होता. घरीसुद्धा त्याचे कान टवकारलेले राहू लागले. नळातलं पाणी बंद झाल्यावर भिंतीतल्या पाइपात होणारी खुट्ट, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तर तिचा पाय, ताट ओट्यावर ठेवल्याचा आवाज. घास हातातच राहायचा आणि तो ऐकत बसायचा. हा खरा का? हा सगळ्यांना ऐकू येतो का? समोर बघावं तर बायको त्याच्याकडे बघत असायची, आणि त्याने बघितलं की पटकन भाजीचं भांडं पुढे सरकवायची. एकदा त्याने फोनवर आवाज टिपून आणला. घरी येऊन तिला ऐकवला. इंजिनाची गरगर, वाऱ्याची सूं सूं, आणि त्या सगळ्या लोंढ्यात ठक असेल तर असेल, नसेल तर नसेल. तिने फोन कानाशी धरून तीनदा ऐकलं. "असेल," ती म्हणाली. नर्स नातेवाइकांना सांगतात तसं, मऊ आवाजात. पुढच्या महिन्यात लायसन्ससाठी डॉक्टरांची तपासणी होती. खरं सांगितलं तर लायसन्स जाईल, आणि ट्रक गॅरेजच्या आवारात उभा राहून गंजेल. खोटं सांगितलं आणि उद्या एखाद्या शाळेसमोर काही भलतंच ऐकू आलं, काही भलतंच दिसलं तर? तो मनातल्या मनात ट्रक विकून टाकायचा, पुन्हा घ्यायचा. घेणाऱ्याला काय सांगू, का विकतोय? आवाज येतो म्हणून. कुठला आवाज?

अशातच तिने एके दिवशी सांगितलं की रजा शिल्लक आहे, या खेपेला मी येते. इतक्या वर्षांत ती कधी ट्रकमध्ये बसून गेली नव्हती. त्याला आनंद झाला आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ भीती. तरी त्याने केबिन झाडून पुसून घेतलं, मागच्या झोपायच्या फळीवर धुतलेली चादर घातली, पडद्याची तुटलेली कडी बसवली. सकाळी ती डबा, पाण्याची बाटली आणि एक उशी घेऊन आली. चढताना पायरी उंच वाटली तिला, त्याने वरून हात दिला. गिरणीत रिळं भरून होईपर्यंत ती शेजारच्या सीटवर बसून सगळं कौतुकाने बघत होती. ट्रक निघाला. शहर मागे पडलं. ती शेजारी आहे तोवर आवाज येणार नाही हे त्याला माहीत होतं, आणि तसंच झालं. पहिला चढ शांतपणे गेला, दुसराही. किती छान चालतोय, ती म्हणाली. तो हो म्हणाला, आणि आत कुठेतरी एकेक खिडकी बंद होत गेल्यासारखं त्याला झालं. मग जेवण झाल्यावर ती म्हणाली की पाठ दुखतेय, जरा आडवी होते. ती मागे गेली, फळीवर निजली, आणि पडदा अर्धाच ओढला.

पुढे उन्हाने पांढरा पडलेला रस्ता होता. दोन्ही बाजूंना कापणी झालेली मोकळी शेतं, मधूनच एखादं पत्र्याचं शेड, लांबवर टेकडीवर वळत चढणारा रस्ता. आरशात त्याला तिचे मिटलेले डोळे आणि उशीवरचा हात दिसत होता. तिची झोप मोडू नये म्हणून त्याने गिअर हळूच खाली आणला. चढ लागला. ठक. त्याने ओठ दाबून धरले. रस्ता जरा उखणलेला होता. ठक, ठक. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं की कशाचं ते त्याला कळलं नाही. ती दोन हातांच्या अंतरावर झोपली होती आणि इथे हा आवाज त्याला एकट्याला गाठून वाजत होता. आता विचारूच या, असं त्याला क्षणभर वाटलं. तिला उठवून विचारू या. आणि ती म्हणेल, असेल.

"अहो," मागून तिचा आवाज आला. "हे काय वाजतंय?"

तो बोलायला भीत होता. हेही आपल्यालाच ऐकू आलं असेल तर?

"हे बघा. परत. तुम्हाला नाही ऐकू येत?"

त्याने ट्रक कडेला घेतला. कसा घेतला ते त्याला नंतर आठवेना. ब्रेकची हवा सुस्कारा टाकल्यासारखी सुटली, आणि मग नुसतं इंजिन राहिलं. त्याने वळून बघितलं तर ती कोपरावर उठून बसली होती, केस विस्कटलेले, डोळ्यांत झोपेचा मागमूस नाही. तो म्हणाला, "काय ऐकू आलं तुला? कसं होतं?" तिने वाकून फळीच्या लाकडावर बोटाच्या पेराने एकदा वाजवून दाखवलं. अगदी तसंच. तितकंच हळू. त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि त्याचे खांदे हलू लागले. तो हसत होता. थोड्या वेळाने तो नुसतं हसत नव्हता हे तिला कळलं, तेव्हा ती पुढे आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

पुढचं शोधणं तिनेच केलं. तो हळूहळू ट्रक पुढे काढत होता आणि ती केबिनमध्ये फिरत होती. ती शेजारच्या सीटवर बसली की आवाज बंद. उठली की पहिल्याच खड्ड्याला ठक. मग तिने न बसता नुसता तळहात सीटवर दाबून धरला, तेव्हाही बंद. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ट्रक पुन्हा थांबवून तिने फोनचा उजेड पाडला आणि सीटखाली डोकं घातलं. म्हाताऱ्याने कधीतरी दुसऱ्या ट्रकची सीट आणून बसवली असावी. तिचा पाया चार बोल्टांवर होता, त्यांतला पुढच्या बाजूचा एक तुटून गेला होता, दुसरा अर्धवट सैल. चढावर भरलेला ट्रक ओढ घेऊ लागला की रिकामी सीट पुढून केसभर उचलली जायची आणि खाली आपटायची. माणूस बसला की त्याच्या वजनाने दबून राहायची. गॅरेजवाला बसला तेव्हा, तो स्वतः बसला तेव्हा. लोखंडाला माणसं ओळखता येत होती तर. निदान त्यांचं वजन तरी.

सैल बोल्ट त्याने आवळला आणि तुटलेल्या जागी माल बांधायचा पट्टा ओढून घट्ट बसवला. पुढच्या गावात नवा बोल्ट घेता येईल. मग दोघं कडेच्या दगडावर बसले. बाटलीतलं पाणी कोमट झालं होतं, ते त्यांनी प्यायलं. त्याने गॅरेजवाल्याला फोन केला. गॅरेजवाल्याने गंभीरपणे विचारलं की म्हणजे मी बसल्यामुळेच सापडत नव्हतं असं म्हणायचंय का, आणि आता माझी बायको मला वजनावरून जगू देणार नाही, तिला कळवू नका. फोन ठेवून तो तिला ते सांगायला वळला, तर ती हसत नव्हती. हातातल्या बाटलीचं झाकण उघडत होती, लावत होती.

"माझी पाठ नव्हती दुखत," ती म्हणाली.

त्याने फोन खिशात सारला.

"वॉर्डात आम्ही असंच करतो. आपल्याकडे कोणी बघत नाही असं वाटलं की माणूस जसा आहे तसा वागतो. म्हटलं, डोळे मिटून पडू आणि बघू तुम्ही काय करता ते. कोणाशी बोलता का, कुठे बघता." तिने झाकण लावलं. "दोन महिने झाले, मला रात्री झोप नाही. बाबांच्या वेळी मी तरुण होते हो. आता परत सगळं... तुमचं... मला जमलं नसतं असं नाही. पण मला नको होतं."

आपण एकटेच त्या उघड्या दाराकडे बघत बसलो होतो असं तो समजत होता. त्याने तिच्या हातातून बाटली घेतली, बाजूला ठेवली आणि तिचा हात धरला. रस्त्याने गाड्या जात होत्या, त्यांच्या वाऱ्याने तिचा पदर फडफडत होता. मग ती अचानक म्हणाली, "पण काय हो, मला ऐकू आलं तेव्हा आधी वाटलं, आता दोघांनाही लागलं." आणि मग मात्र दोघंही असे हसत सुटले की एका मोटारवाल्याने वेग कमी करून, काही मदत हवी का, म्हणून विचारलं.

छापखान्याच्या गोदामाशी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. आवारात माल उतरवायच्या रांगेत बरेच ट्रक होते. त्याने इंजिन बंद केलं आणि एकाएकी त्याच्या अंगातलं सगळं बळ सुटल्यासारखं झालं. डोळे उघडे ठेवणंही जड झालं. पुढचा ट्रक हलला की सांग, मी पाच मिनिटं पडतो, असं म्हणून तो मागे फळीवर गेला. चादरीला तिच्या केसांच्या तेलाचा वास होता. बाहेर माल उचलणाऱ्या गाड्या मागे सरकताना टूं टूं करत होत्या, कुणीतरी कुणाला शिवी देत होतं, पत्र्याचं शटर खडखडत वर गेलं. हे सगळं त्याच्या अंगावरून पाण्यासारखं वाहून गेलं. एकाही आवाजाला त्याने थांबवून विचारलं नाही. झोपेत उतरता उतरता त्याला वाटलं की खाली कुणी माणूस ट्रक पुढे घ्या म्हणतोय आणि बायको खिडकीतून वाकून त्याच्याशी बोलतेय.

"झोपलेत ते."

"मग उठवा की. तुमचा नंबर आलाय."

"नाही उठवणार. मागच्याला जाऊ दे पुढे."

"मग शेवटी लागेल बघा नंबर."

"लागू दे," ती म्हणाली, आणि पडद्याची कडी सळसळत सरकली, डोळ्यांवरचा उजेड गेला. हे खरंच घडलं की स्वप्नात, ते बघायला तो उठला नाही. मागचा एक ट्रक वळसा घालून त्यांच्या बाजूने पुढे निघून गेला, मग आणखी एक.